गावाचा अभ्यास आणि सरकारी धोरण : हैदराबादचा वारसा

गावासाठी धोरण आखणाऱ्याला गाव ठाऊक असावे, ही अपेक्षा साधी वाटते. प्रत्यक्षात सरकारला गाव दिसते ते दप्तरातून. सातबाऱ्यावर जमीन दिसते, पीकपाहणीत पीक दिसते, आणेवारीत हंगाम दिसतो. कर्ज सावकाराकडून काढले की मेव्हण्याकडून, दुष्काळात आधी बैल विकले की भांडी, सालगड्याने साल अर्ध्यावर का मोडले, घरात शेवटी कोण जेवते आणि तिच्या ताटात काय उरते, यांतले काहीच दप्तरात येत नाही. ते कळायला कोणीतरी गावात राहावे लागते, तेही एका हंगामापुरते नव्हे. आणि जे कळले ते सचिवालयापर्यंत पोचावे लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्याची उदाहरणे थोडी आहेत. हैदराबाद आणि त्याच्या भोवतालच्या कोरडवाहू मुलखात मात्र त्या गेल्या ऐंशी वर्षांत अनेकदा घडल्या. कधी अर्धवट, कधी फार उशिरा, पण घडल्या.

मराठी वाचकाचे या इतिहासाशी दुहेरी नाते आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्या राज्यात झालेल्या पाहण्या आणि कायदे हा मराठवाड्याचाही इतिहास ठरतो. शिवाय हैदराबादेजवळ पाटणचेरू येथून चाललेल्या ज्या ग्रामअभ्यासाचे नाव आज जगभरच्या अर्थशास्त्रात घेतले जाते, त्याच्या पहिल्या सहा गावांपैकी चार महाराष्ट्रातली होती.

गावाच्या पाहणीची सुरुवात अर्थात हैदराबादेत झाली नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला आणि ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुकचा १९२१ मध्ये. शेताचे तुकडे, कुटुंबाचे कर्ज आणि वर्षाचा जमाखर्च एकत्र मांडला की कुटुंबे कशी तगतात, किंवा तगत नाहीत, हे दिसू शकते, हे त्या दोन पुस्तकांनी दाखवले. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ यांनी क्षेत्रपाहणीला शिस्त आणली. निजामाच्या राज्यातही त्याच सुमारास, १९२९-३० मध्ये, एस. केशव अय्यंगार यांनी खेड्यांची आर्थिक पाहणी केली. पण या अभ्यासांचे निष्कर्ष आणि सरकारचे निर्णय यांच्यातला धागा सैल होता. तो पहिल्यांदा घट्ट झाला आदिलाबादच्या जंगलात, आणि त्यासाठी आधी रक्त सांडावे लागले.

१९४० मध्ये आदिलाबाद जिल्ह्यात कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी बंड केले. राखीव जंगलाच्या नावाखाली गावे उठवली जात होती आणि कसलेली जमीन बाहेरून आलेल्यांच्या नावावर चढत होती. या बाहेरच्यांत तेलुगू मुलखातले होते तसे मराठी मुलखातले कास्तकारही होते. जोडेघाटजवळ पोलिसांच्या गोळीबारात भीम मारले गेले. त्या वेळी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हैदराबाद राज्यात होते. युद्ध सुरू झालेले, हाती जर्मन पारपत्र. त्यामुळे ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुदेशाचे नागरिक होते. निजाम सरकारने त्यांना राज्यात राहून आदिवासींमध्ये काम करण्याची मुभा दिली आणि पुढे बंडाच्या कारणांचा शोध घेण्याचे कामही सोपवले. त्यांचे चार अहवाल ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावाने १९४५ मध्ये निघाले. बंडखोरांची गुन्हेगार म्हणून यादी करणे सोपे होते. त्यांनी जमिनीचे हिशेब मांडले. सरकारने त्यांना आदिवासीविषयक सल्लागार नेमले, गोंड कुटुंबांना पट्टे देण्याचे काम सुरू झाले, मार्लवाई या गावी गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, आणि १९४६ मध्ये आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र नियमन आले. संशोधकाचा मुक्काम गोंड वस्तीत आणि त्याची ऊठबस महसूल खात्यात, हा योग पुन्हा फारसा जुळून आला नाही. त्यातली अडचण मात्र लक्षात ठेवावी लागते. जे घडले ते एका संस्थानी सरकारच्या मर्जीवर उभे होते, आणि पुढच्या दशकांत जमिनी पुन्हा हातातून गेल्या.

संस्थान विलीन झाल्यावर जमिनीचा प्रश्न ऐरणीवर आला. तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता, जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा झाला. या कायद्यांनी गावात नेमके काय बदलले, याची पाहणी उस्मानिया विद्यापीठातून ए. एम. खुसरो यांनी केली. तिचा ग्रंथ १९५८ मध्ये निघाला. कायदा झाल्यानंतर त्याचा माग काढत गावोगाव जाणे ही तेव्हा नवी गोष्ट होती. कागदावर संरक्षण मिळालेल्या कुळांपैकी किती जण ‘स्वखुशीने’ जमीन सोडतात, हे त्याआधी कोणी फारसे विचारले नव्हते.

उस्मानियातूनच दुसरे एक काम निघाले आणि ते अधिक गाजले. शहराजवळच्या शमीरपेट या गावात १९५१-५२ मध्ये विद्यापीठाने एक प्रकल्प घेतला. मानववंशशास्त्र, शेती, पशुवैद्यक, वैद्यक, शिक्षण अशा वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी आणि अध्यापक तेथे एकत्र उतरले. दिवसा गुरांना लस टोचायची, रुग्ण तपासायचे, बियाणे दाखवायचे, आणि त्याच वेळी गावाची नोंद करायची, अशी दुहेरी कामगिरी होती. प्रकल्पाचे समाजशास्त्रीय अंग श्यामाचरण दुबे यांच्याकडे होते. त्यातून आलेला ‘इंडियन व्हिलेज’ हा ग्रंथ १९५५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. गावातल्या स्त्रियांकडून मिळालेल्या माहितीत लीला दुबे यांचा मोठा वाटा होता. माहेरच्या त्या अंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. पुढे नातेसंबंध आणि स्त्रीप्रश्न या विषयांत त्या स्वतः मान्यवर अभ्यासक झाल्या. शमीरपेटचे महत्त्व केवळ जातिव्यवस्थेच्या वर्णनात नाही. डॉक्टर, शेतीतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ यांनी एकाच गावाकडे एकाच वेळी पाहिले, तर एकाला न दिसणारे दुसऱ्याला दिसते, हे तेथे कळले. औषध घेऊनही रुग्ण देवऋष्याकडे का जातो, याचे उत्तर डॉक्टरकडे नव्हते. आणि गावातले जनावर कशाने दगावते, हे समाजशास्त्रज्ञाला ठाऊक नव्हते.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. खेड्याच्या सर्वांगीण विकासाची ही पहिली मोठी सरकारी योजना. तिच्या अभ्यासासाठी १९५८ मध्ये मसुरीला एक मध्यवर्ती संस्था निघाली आणि दुबे काही काळ तिच्या संशोधनाचे काम पाहत होते. याच वर्षी त्यांचे ‘इंडियाज चेंजिंग व्हिलेजेस’ आले. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकल्पाच्या या अभ्यासात श्रमदानाविषयी जे लिहिले आहे ते आजही बोचते. वरच्या थरातले लोक श्रमदानाच्या वेळी देखरेख करत, खालच्या थरातले माती वाहत. रस्ता झाल्यावर त्यावरून बैलगाडी जायची ती वरच्यांची. खालच्यांना हे सारे जुन्या वेठबिगारीचे नवे नाव वाटे. ग्रामसेवकाच्या कामाचे मोजमाप किती खड्डे खणले, किती पोती खत वाटले यावरून होत असल्याने तोही गरिबाच्या दारापर्यंत फारसा पोचत नव्हता. हे सगळे सरकारी संस्थेशी संबंधित माणसाने, सरकारच्या उत्साहाच्या भरात, छापून मांडले, याची दाद द्यायला हवी. १९५७ च्या बळवंतराय मेहता समितीने पंचायत राज्याची शिफारस केली ती लोकांचा सहभाग कागदावरच राहिला, या निष्कर्षावरून. गावपातळीवरचे अभ्यासही तेच सांगत होते.

मसुरीची ही संस्था साठच्या दशकाच्या मध्यावर हैदराबादच्या राजेंद्रनगर भागात आली. आधी राष्ट्रीय सामुदायिक विकास संस्था, १९७७ पासून राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्था आणि २०१३ पासून नावात पंचायत राजही, असा तिचा प्रवास आहे. देशभरचे अधिकारी आणि पंचायतींचे पदाधिकारी येथे प्रशिक्षणाला येतात. संशोधन आणि प्रशिक्षण एकाच आवारात असले की एकाचा दुसऱ्याला उपयोग होईल, हा त्यामागचा हेतू. तो किती साधला याविषयी दुमत असू शकते. प्रशिक्षणवर्गाची गरज संशोधनावर कुरघोडी करते, हा अशा सगळ्या संस्थांचा अनुभव आहे.

हैदराबादला खऱ्या अर्थाने वेगळे ठरवले ते १९७२ मध्ये पाटणचेरूला स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने, आणि तेही तिच्या ज्वारी-बाजरीच्या वाणांइतकेच तिच्या अर्थशास्त्र विभागाने. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी वाण काढायचे तर तो शेतकरी कसा जगतो हे आधी माहीत हवे, असा आग्रह त्या विभागाने धरला. १९७५ मध्ये सहा गावे निवडली गेली. महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण. अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. निवड जमीन आणि पाऊस पाहून केली होती. महबूबनगरची तांबडी माती आणि बेभरवशाचा पाऊस. सोलापूरची खोल काळी जमीन आणि तितकाच बेभरवशाचा पाऊस. अकोल्याची मध्यम काळी जमीन आणि त्यामानाने खात्रीचा पाऊस. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे घेतली: दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान, दहा मध्यम आणि दहा मोठ्या शेतकऱ्यांची.

पद्धतीत खरे वैशिष्ट्य होते ते अन्वेषकाच्या मुक्कामात. स्थानिक भाषा बोलणारा, शेतकरी घरातला पदवीधर तरुण गावात घर घेऊन राहत असे आणि तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक कुटुंबाकडे परत जात असे. कोणत्या वावरात काय पेरले, किती दिवस कोण राबले, बैलजोडी कोणाची लावली, काय विकले, काय उसने आणले, सगळे टिपले जाई. औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांत हे काम सलग दहा वर्षे चालले. एका वेळी शंभर प्रश्नांची यादी घेऊन येणाऱ्या पाहणीदाराला शेतकरी सांगतो ते आणि महिन्याला दारात येणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगतो ते, यांत फरक पडतोच. कर्जाचा खरा आकडा पहिल्या भेटीत कोणी देत नाही.

या नोंदींनी पहिला धक्का खुद्द संस्थेच्याच शास्त्रज्ञांना दिला. सोलापूरच्या खोल काळ्या जमिनी शेतकरी खरिपात पडीक ठेवतात आणि रब्बीत शाळू घेतात. शास्त्रज्ञांना ही पावसाळ्याची उधळपट्टी वाटे. रुंद वरंबे-सरी आणि बैलांनी ओढायचे सुधारित अवजार यांच्या जोरावर त्याच जमिनीत दोन पिके निघतील, असे तंत्र पाटणचेरूच्या शेतावर यशस्वी झाले होते. गावातल्या नोंदींवरून कळले की शेतकऱ्याचे पडीक ठेवणे अडाणीपणाचे नव्हते. जून-जुलैत पावसाची खात्री नाही, पडला तर चिकट जमिनीत पाय रोवता येत नाही, आणि खरीप फसला तर रब्बीसाठी साठवायची ओलही गेली. हे तंत्र खात्रीच्या पावसाच्या भागात चालण्याजोगे होते. सोलापूरच्या शेतकऱ्याने ते नाकारले यात त्याचा हिशेब चोख होता. ज्या मोहोळ तालुक्यात शिरापूर आहे, तिथल्या संशोधन केंद्रावरूनच मालदांडी ही रब्बी ज्वारी निघाली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, याचा अर्थही यात सापडतो.

दुसरा प्रश्न होता शेतकरी जोखीम का टाळतो हा. गरीब माणूस स्वभावानेच भित्रा, म्हणून तो खत आणि नवे बियाणे घेत नाही, असे मत सर्रास होते. अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी याच गावांत खऱ्या पैशांचे सोडतीचे खेळ मांडून शेतकऱ्यांना पर्याय निवडायला लावले. मोठ्या खेळातली रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त होती. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की रक्कम मोठी झाली की बहुतेक सगळेच थोडी सावधगिरी बाळगतात, आणि गरीब-श्रीमंत यांच्या सावधगिरीत फारसे अंतर नसते. याचा धोरणासाठी अर्थ सरळ आहे. फरक स्वभावात नसेल तर तो साधनांत असला पाहिजे: कर्ज, पाणी, साठवण. शेतकऱ्याची मानसिकता बदलण्याच्या मोहिमांवर खर्च करण्याआधी हे वाचायला हवे होते.

तिसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. पीक बुडाले की कुटुंब काय खाते? रॉबर्ट टाउनसेंड यांनी औरेपल्ली, शिरापूर आणि कंझरा यांच्या आकडेवारीवर १९९४ मध्ये दाखवले की कुटुंबाचे खाणेपिणे त्याच्या स्वतःच्या त्या वर्षीच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरीच्या जास्त जवळून चालते. उसनवारी, हातउसने धान्य, नातेवाईक, सालगड्याला दिलेली उचल यांच्या जाळ्यामुळे एका घराचे संकट गावात थोडेथोडे वाटले जाते. भूमिहीनांना या जाळ्याचा आधार कमी मिळतो, हेही त्याच आकड्यांत होते. मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये याच आकड्यांवरून लेकींच्या सोयरिकीकडे पाहिले. मुली दूरच्या, वेगळा पाऊस पडणाऱ्या गावांत दिल्या जातात, त्यामुळे इकडे दुष्काळ पडला तर तिकडून मदत येऊ शकते. हे वाचून मराठी शेतकरी घरातल्या आजीला आश्चर्य वाटणार नाही. अर्थशास्त्रज्ञांना मात्र वाटले.

गावाचे जाळे एका घराचे संकट सावरते. अख्ख्या गावावर दुष्काळ आला तर सावरायला गावात कोणीच उरत नाही. तेथे राज्याची गरज लागते, आणि महाराष्ट्राने त्याचे उत्तर १९७२ च्या दुष्काळात शोधायला सुरुवात केली होती. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. मागेल त्याला काम. ही योजना खरोखर गरिबाच्या पदरात किती टाकते, हे मोजण्यासाठी गौरव दत्त आणि मार्टिन रावळियन यांनी पुन्हा शिरापूर आणि कंझऱ्याच्या नोंदी उघडल्या. प्रश्न असा होता की रोहयोवर जाणारा मजूर दुसरे काम सोडून जात असेल तर त्याचा निव्वळ फायदा थोडाच. नोंदींतून दिसले की बुडणारी कमाई मजुरीच्या मानाने कमी होती. एरवी बरेचसे दिवस रिकामेच गेले असते. याच अभ्यासकांनी शुभम चौधरी यांच्यासह दुसरीही, कमी सुखाची गोष्ट मांडली. १९८८ मध्ये योजनेवरची मजुरी वाढली तेव्हा कामाची हमी सैल झाली आणि कामे हात राखून दिली जाऊ लागली.

इक्रिसॅटच्या आकड्यांतून आणखी एक दिशा निघाली ती आहाराची. सत्तरच्या दशकात जगभर प्रथिनांच्या तुटवड्याची हाकाटी होती. संयुक्त राष्ट्रांनी १९६८ मध्ये प्रथिनसंकटाचा इशारा दिला होता आणि पैदासकार लायसीन जास्त असलेली ज्वारी शोधत होते. याला भारतातून दोघांनी हिरीरीने विरोध केला. एक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संचालक सी. गोपालन, दुसरे साताऱ्याजवळच्या बुध गावचे, जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम केलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. भारतीय आहारात मुख्य तूट उष्मांकांची आहे. पोटभर भाकरी-वरण मिळाले तर प्रथिने बहुतांशी आपोआप पुरी होतात, असे दोघांचे म्हणणे. राष्ट्रीय पोषण संस्था, आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय आणि इक्रिसॅट यांच्या संशोधकांनी मिळून त्याच सहा गावांत घरोघरी आहार मोजला आणि १९८४ मध्ये अहवाल दिला. तूट होती ती उष्मांक, कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वांची. प्रथिने आणि लायसीन हा मुख्य अडथळा नव्हता. पैदासकारांनी वर्षे घालवायची तर ती उत्पन्न आणि स्थैर्य यांवर घालवावीत, ही दिशा पक्की झाली. संशोधनाने धोरणाला सर्वांत मोठी मदत केली ती बहुधा अशी: काय करू नये हे वेळेवर सांगून. गोपालन आणि सुखात्मे यांची एकजूट मात्र टिकली नाही. शरीर कमी उष्मांकांशी जुळवून घेते, या सुखात्म्यांच्या पुढच्या मांडणीला गोपालन यांनी दिल्लीतून आणि वि. म. दांडेकर यांनी पुण्यातून कडाडून विरोध केला. दारिद्र्यरेषा कोठे आखायची हा प्रश्न त्या वादात गुंतला होता, म्हणून तो कडाक्याचा होता.

पोषण संस्थेचा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा आहे. १९१८ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या शोधासाठी सुरू केलेले छोटे पथक १९५८ मध्ये हैदराबादला आले. मुलांना दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, तो तिच्या क्षेत्रीय चाचण्यांवर आधारलेला होता.

नलगोंडा जिल्ह्याची कथा सहकार्याच्या मर्यादा दाखवते. तेथल्या विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडने माणसांचे दात आणि हाडे जात होती. पोषण संस्थेने वाकलेल्या गुडघ्यांच्या मुलांचा अभ्यास करून १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची स्वस्त पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने काढली आणि तिला ‘नलगोंडा तंत्र’ हेच नाव पडले. कारण कळले, उपायही सापडला. पण रोज मात्रा मोजून तुरटी टाकायची, ढवळायचे, खाली बसलेला गाळ उपसायचा, हे गावात वर्षभर करणार कोण, याचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हते. अखेर उपाय म्हणून दुरून नदीचे पाणी नळाने आणणेच पुढे आले, आणि तेलंगणाची मिशन भगीरथ योजना सुरू व्हायला २०१६ उजाडले. मधल्या काळात एक पिढी वाकलेली राहिली.

पाणलोटाच्या बाबतीत हैदराबादचा वाटा अधिक थेट होता. येथील अर्थतज्ज्ञ सी. एच. हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९४ मध्ये दुष्काळप्रवण भागांच्या कार्यक्रमांचा फेरविचार केला आणि त्यातून निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी गावाची पाणलोट समिती केंद्रस्थानी आणली. १९९९ पासून रंगारेड्डी जिल्ह्यातल्या कोत्तपल्लीत इक्रिसॅट, कोरडवाहू शेती संशोधन संस्था, दूरसंवेदन संस्था, एक स्वयंसेवी संस्था आणि जिल्हा प्रशासन यांनी एकत्र काम केले; ओलावा, पीक आणि भूजल यांची मोजणी गावकऱ्यांच्या साथीने झाली. शहरातही प्रयोग होत होते. १९६७ मध्ये सुरू झालेल्या हैदराबादच्या नागरी सामुदायिक विकास प्रकल्पाने झोपडपट्ट्यांत बालवाड्या, शिवणवर्ग आणि पुढे पट्ट्यासह स्वतः घर बांधण्याची सोय केली. तो दीर्घकाळ टिकला, पण त्याची नोंद गावांच्या तुलनेत तुटपुंजी आहे.

वर आलेल्या जवळजवळ सगळ्या अभ्यासांत एक गोष्ट समान आहे: माहिती गावातून वर जाते. ती गावाकडे परत येण्याची वाट रोजगार हमीच्याच पोटातून निघाली. महाराष्ट्राचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून २००५ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात बंडलापल्ली येथे त्याची सुरुवात झाली. कायद्याच्या सतराव्या कलमात ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करावे असे म्हटले होते. इतर राज्यांत ते वर्षानुवर्षे शब्दांतच राहिले. आंध्र प्रदेशाने राजस्थानच्या मजदूर किसान शक्ती संघटनेच्या मदतीने ते राबवायला घेतले आणि २००९ मध्ये हैदराबादेत त्यासाठी स्वतंत्र सोसायटी नोंदवली.

पद्धत अशी. मजूर कुटुंबांतल्या तरुण-तरुणींना प्रशिक्षण दिले जाते. ते दुसऱ्या गावात जाऊन हजेरीपट घेऊन दारोदार फिरतात: तुझ्या नावावर अठरा दिवस मांडले आहेत, तू किती दिवस गेलास? पैसे किती आले? मोजमाप पुस्तकातला बांध जागेवर आहे का? निष्कर्ष आधी गावात आणि मग मंडलाच्या, म्हणजे तिथल्या छोट्या तालुक्याच्या, जनसुनावणीत सर्वांसमोर, अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत वाचले जातात. ज्याच्याविषयी कागद आहे त्याच्याच कानावर तो पडतो. अन्वेषक बाहेरचा विद्वान नसून शेजारच्या तालुक्यातला मजूर असतो. दुबे किंवा इक्रिसॅट यांच्या अभ्यासात उत्तर देणारा जो होता, तो येथे प्रश्न विचारणारा झाला.

याचाही अभ्यास झाला आणि तोही निर्मळ कौतुकाचा नाही. फर्झाना आफ्रिदी आणि वेगार्ड इव्हर्सेन यांनी आंध्रातल्या अंकेक्षण अहवालांवरून २०१४ मध्ये दाखवले की गैरव्यवहार उघडकीला येतात, पण वारंवार अंकेक्षण होऊनही एकूण प्रमाण घटल्याचा स्पष्ट पुरावा नाही. सहज पकडले जाणारे प्रकार मागे पडतात आणि लपवायला सोपे, साहित्याच्या बिलांतले, वाढतात. दोषींकडून वसुली फारच थोडी होते. दुसऱ्या बाजूने कार्तिक मुरलीधरन, पॉल निहॉस आणि संदीप सुखटणकर यांनी राज्य सरकारच्या सहकार्याने आठ जिल्ह्यांत, सुमारे एक कोटी नव्वद लाख लोकसंख्येवर, मजुरी आणि पेन्शन बोटाच्या ठशावर देणाऱ्या स्मार्टकार्डची चाचणी घेतली. कोणत्या मंडलात कार्ड आधी द्यायचे हे सोडतीने ठरवले होते. मजुरी लवकर मिळू लागली, गळती घटली, आणि लाभार्थ्यांना विचारले तेव्हा त्यांतल्या बहुतांश लोकांनी जुन्या पद्धतीपेक्षा कार्डाला पसंती दिली. मंत्र्याच्या कानावर तक्रारी जातात त्या बहुधा ज्यांची मिळकत बुडाली अशा मधल्या लोकांच्या. समाधानी विधवा सचिवालयात येत नाही. तिचे म्हणणे कळायला पाहणीच लागते.

पाटणचेरूची गावेही थांबलेली नाहीत. २००१ मध्ये अन्वेषक जुन्या सहा गावांत परतले. २००९ पासून काही वर्षे पूर्व भारत आणि बांगलादेश धरून ४२ गावांत हे काम चालले. आकडेवारी जगभरच्या अभ्यासकांना खुली आहे. शिरापूर आणि कंझऱ्यातल्या कुटुंबांची तिसरी पिढी आता नोंदीत येते. तिच्यातली कित्येक मुले गावात राहत नाहीत, आणि त्यांची मिळकत शेतीच्या रकान्यात मांडायची की स्थलांतराच्या, हा प्रश्न नमुना ठरवणाऱ्यांपुढे नव्याने आला आहे. सामाजिक अंकेक्षणाच्या बाबतीत २०११ च्या केंद्रीय नियमांनी प्रत्येक राज्यात स्वतंत्र अंकेक्षण यंत्रणा बंधनकारक केली. तिचा खर्च योजनेच्याच निधीतून, म्हणजे ज्या खात्याचे काम तपासायचे त्याच खात्याच्या वाटेने येतो. त्यामुळे तपासणाऱ्याचा पगार वेळेवर होईल की नाही, हे बहुतेक ठिकाणी तपासले जाणारेच ठरवतात.